लॅपटॉपचा आवाज अडखळतोय की घरघरतोय? दुकानात यायच्या आधी एवढं करून पाहा

मिरजेत दुकान असल्यामुळे आम्हाला ग्राहक फार चोख कानाचे मिळतात. सतारमेकर गल्लीतला कारागीर लॅपटॉप काउंटरवर ठेवतो आणि सांगतो, "खर्जाला चिरकतोय, पंचमाला स्वच्छ आहे." निम्मी दुरुस्ती तिथंच होते. 'आवाज खराब येतोय' एवढंच कळलं तर मात्र आम्हालाही चाचपडावं लागतं. म्हणून हे पत्रक. आवाज नेमका कसा बिघडलाय हे घरीच ओळखता आलं, तर बऱ्याच जणांना आमच्याकडे यावंही लागणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आवाज बिघडला म्हणजे स्पीकर गेला, असं धरून चालू नका. काही वर्षांपूर्वी गायनाचे क्लास घेणाऱ्या एका बाईंच्या लॅपटॉपचे दोन्ही स्पीकर आम्ही बदलून दिले. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, घरघर तशीच होती. दोष स्पीकरचा नव्हताच, त्यांच्या घरातल्या अर्थिंगचा होता. दुकानातल्या बोर्डावर आम्हाला तो ऐकूच आला नव्हता. पैसे परत केले, आणि तेव्हापासून खालच्या तीन गोष्टी तपासल्याशिवाय आम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही.

आधी या तीन गोष्टी

वायरचा साधा हेडफोन लावून तेच गाणं ऐका. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरवर खराब येत असेल, तर दोष स्पीकरचा किंवा लॅपटॉपच्या बॉडीचा आहे. हेडफोनमध्येही तसंच येत असेल तर स्पीकरला हात लावायचं कारण नाही.

मग चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरघर त्याच क्षणी थांबली तर खाली 'घरघर' या भागात जा.

तिसरं म्हणजे वाय-फाय बंद करा आणि लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवलेली एखादी फाइल वाजवा. फाइल नीट वाजत असेल आणि फक्त यूट्यूबवर अडखळत असेल, तर आधी नेट आणि ब्राउझर बघा. नेट कमी पडलं की आवाज पूर्ण थांबतो, गोल फिरत राहतं आणि मग पुढं सुरू होतं. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे असतील तर तेही बंद करून पाहा.

अडखळणं: तुकडे पडतात, मध्येच 'खर्रर्र' होतं

हे कशामुळे होतं ते समजलं की उपाय आपोआप सुचतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लॅपटॉपमधला आवाज म्हणजे आकड्यांची रांग असते. बहुतेक लॅपटॉप सेकंदाला ४८,००० आकडे वाजवतात. प्रोसेसर हे आकडे एकेक करून देत नाही. थोडे थोडे, समजा १० मिलिसेकंदांपुरते म्हणजे ४८०, एका छोट्या साठ्यात टाकतो आणि दुसऱ्या कामाला जातो. साठा संपायच्या आत त्याला परत यावं लागतं. पंगतीतल्या वाढप्यासारखंच आहे हे. पानात भात आहे तोवर तो दुसऱ्या ओळीत फिरून येऊ शकतो. पण वाटेत कुणी त्याला बोलण्यात अडकवून ठेवलं तर पान रिकामं पडतं. आवाजाचं पान रिकामं पडलं की ऐकताना तुकडा पडतो. काही वेळा साठ्यातला जुनाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. १० मिलिसेकंदांचा तुकडा सेकंदाला शंभर वेळा वाजला की गाणं ऐकू येत नाही, 'खर्रर्र' असाच आवाज येतो. लॅपटॉप हँग होताना जो कर्कश आवाज लागून राहतो, तोही असाच तयार होतो.

वाढप्याला अडवणारे बहुतेक वेळा ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर म्हणजे वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी अशा प्रत्येक भागाला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. एखादा ड्रायव्हर नीट लिहिलेला नसेल किंवा विंडोजच्या नव्या अपडेटशी त्याचं जमत नसेल, तर तो प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये (प्रोसेसर, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) प्रोसेसर दहा टक्केसुद्धा वापरात दिसत नाही, आणि तरी आवाज तुटतो. 'माझा लॅपटॉप तर नवा आहे, रॅम १६ जीबी आहे, मग असं का?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर हेच आहे. यात रॅम वाढवून काही मिळत नाही. कुणी त्यासाठी रॅम घ्यायला सांगितलं तर घेऊ नका.

अडवणारा ड्रायव्हर शोधायला लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे, घरच्या वापरासाठी मोफत. ते सुरू करा, सोबत गाणं लावा आणि दहा मिनिटं चालू द्या. शेवटी कोणत्या ड्रायव्हरने सर्वांत जास्त वेळ घेतला ते नावानिशी दिसतं. एन-डी-आय-एस असं नाव आलं तर बहुधा वाय-फाय किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर असतो. एन-व्ही ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स. ए-सी-पी-आय असेल तर बॅटरी आणि वीजव्यवस्थापनाशी संबंधित काहीतरी. खात्री करायची तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी) जाऊन तो भाग पाच मिनिटांसाठी डिसेबल करा. (ग्राफिक्सचं मात्र असं करू नका, स्क्रीन मध्येच काळी होऊ शकते.) वाय-फाय डिसेबल केल्यावर आवाज सुधारला, तर कारण सापडलं.

मग ड्रायव्हर बदला. परवापर्यंत सगळं नीट होतं आणि अपडेटनंतर बिघडलं असेल, तर आधी तिथंच 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणणं, करून पाहा. नाही जमलं तर लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या वेबसाइटवरून, तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. 'तुमचे ३७ ड्रायव्हर जुने झालेत' असं घाबरवणारी सॉफ्टवेअर टाकू नका. त्यांनी घातलेला गोंधळ निस्तरायला आम्हाला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात.

दोन सेटिंग्ज मात्र याच्याही आधी बघा, कारण त्यांना दोन मिनिटं पुरतात. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'साउंड' मध्ये जा, तुमच्या स्पीकरच्या नावावर क्लिक करा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. आवाज भरदार करायला कंपनीने घातलेले हे फिल्टर चांगल्या आवाजाचाही विचका करू शकतात. दुसरं, 'पॉवर मोड' मध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर सारखा डुलक्या घेत असेल, तर वेळेवर जागा होणं त्याला जमत नाही.

लॅपटॉप तापला तरीही आवाज तुटतो. आतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. एप्रिल-मे महिन्यांत लॅपटॉप गादीवर ठेवून कृपया वापरू नका. आणि आवाजासोबत माऊस, खिडक्या, टायपिंग, सगळंच अडखळत असेल, हार्ड डिस्क जुनी आणि फिरणारी असेल, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर आवाजाचा नाद सोडा आणि आधी तुमच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. ती डिस्क जायच्या मार्गावर असू शकते.

घरघर: एकसारखी, थांबत नाही

ही ओळखायला मिरजकरांना काहीच अवघड नाही. गाणं कोणत्याही पट्टीत असो, ही घरघर आपला सूर बदलत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, म्हणून घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची येते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर खालच्या सप्तकातल्या सफेद पाचपेक्षा किंचित चढी. गाणं थांबवल्यावरही सूर तिथंच असेल आणि चार्जर काढताच जात असेल, तर ती विजेचीच घरघर आहे.

कारण बहुतेक वेळा अर्थिंगचं असतं. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असूनही भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंग पोचत नसेल, तर अडॅप्टरमधून झिरपणाऱ्या थोड्या विजेला जायला वाट राहत नाही. ती लॅपटॉपच्या बॉडीत आणि आवाजाच्या वायरीत येते. धातूच्या बॉडीवरून हलकेच बोट फिरवलं की झिणझिण्या येतात, ती हीच वीज. जुन्या वाड्यांत अर्थिंगच नसतं. काही घरांत ते असतं, पण मीठ-कोळसा घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. मार्चनंतर 'पावसाळ्यात नव्हतं हो असं' म्हणत कुणी आलं की आम्ही आधी खड्ड्यात पाणी शेवटचं कधी ओतलं ते विचारतो. वायरमनला बोलावून मीटरने तपासून घ्या. हे काम लॅपटॉपसाठी म्हणून नका करू, घरातल्या माणसांसाठी करा.

आणि एक कळकळीची विनंती. घरघर जाते म्हणून चार्जरची तिसरी पिन कापून टाकू नका. ती जाड पिन जीव वाचवायला असते. कापलेल्या पिनेचे चार्जर आम्ही पाहिलेत. असा चार्जर आम्ही दुरुस्त करत नाही, नवा घ्यायला सांगतो.

लॅपटॉप वायरने ॲम्प्लिफायरला जोडल्यावरच घरघर येत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, आणि दोघांमध्ये आवाजाची वायर, असं झालं की अर्थिंगचं कडं तयार होतं आणि त्यात घरघर शिरते. भजनी मंडळांचा हा नेहमीचा अनुभव आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मिळते, ती वायरीच्या मध्ये जोडा.

चिरकणं: ठरावीक सुरालाच

हेडफोन स्वच्छ, स्पीकरवर मात्र काही सुरांना 'झर्रर्र' होतं, तर दोष खरोखर स्पीकरकडे आहे. आवाज चालू ठेवून स्पीकरच्या जाळीजवळ बोटाने हलकं दाबा. झर्र बदलली तर काहीतरी सैल आहे, एखादा स्क्रू किंवा रबर. कारखान्यात वापरलेल्या एका लॅपटॉपच्या स्पीकरच्या चुंबकाला पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे चिकटलेले आम्हाला मिळाले. चिमट्याने ते काढले आणि आवाज मोकळा झाला, स्पीकर बदलावाच लागला नाही. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आपले तंबोरे ज्या खोलीत घडतात, तिथली लाकडाची भुकटी आणि तारांचे तुकडे लॅपटॉपला मानवत नाहीत. काम संपल्यावर तो झाकून ठेवा.

व्हीएलसी या गाणी-व्हिडिओ वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या वर नेऊन वाजवत असाल तर आधी खाली आणा. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरला खर्ज पेलत नाही, जोर लावला की तो फाटतोच.

टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. बॉडी वाकून स्पीकर थरथरतो तो त्यामुळे. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, आणि त्याच दिवशी घेऊन या.

ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी

परदेशातल्या शिष्यांना शिकवणारे इथं बरेच आहेत. त्यांची तक्रार एकच असते: "माझ्याकडं तंबोरा अखंड वाजतोय, शिष्याला मात्र येतो-जातो." लॅपटॉपचा यात दोष नाही. झूमला तंबोरा पंख्याच्या आवाजासारखा सतत चालणारा गोंगाट वाटतो आणि तो कापून टाकतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, मीटिंगमध्येही ते चालू आहे ना बघा, आणि हेडफोन लावूनच शिकवा.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरला की आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो, कारण हेडफोन बोलण्याच्या मोडमध्ये जातो. माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा. ब्लूटूथ तुटत असेल तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. २.४ गिगाहर्ट्झवर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. गायनासाठी आमचा सल्ला वायरचाच हेडफोन घ्यावा असा आहे.

आमच्याकडे येताना

चार्जर सोबत आणाच. त्याच्याशिवाय निम्मी तपासणी होत नाही. बिघडलेला आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणलात तर उत्तम, कारण दुकानात आल्यावर लॅपटॉप पुष्कळदा नीट वाजायला लागतो. वरच्या तीन गोष्टींचं काय झालं ते कागदावर लिहून आणा. आवाज ऐकून कारण सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. स्पीकर बदलावाच लागला, तर जुना स्पीकर तुमच्यासमोर काढून तुमच्या हातात देऊ.