अराकू कॉफी

पूर्व घाटातील अराकू खोरे व त्याभोवतालच्या डोंगरांत आदिवासी शेतकरी सावलीखाली पिकवतात ती अरेबिका कॉफी. हे खोरे आंध्र प्रदेशात असून पूर्वी विशाखापट्टणम जिल्ह्यात होते. २०२२ पासून ते अल्लुरी सीतारामराजू जिल्ह्यात मोडते. लागवड मुख्यतः समुद्रसपाटीपासून ९०० ते १,१०० मी. उंचीवर आढळते. ‘अराकू व्हॅली अरेबिका’ या नावाने २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात ओडिशाकडील डोंगराळ भागही धरलेला आहे. त्यामुळे बाजारातला ‘अराकू’ नकाशावरच्या अराकूपेक्षा मोठा आहे.

या पट्ट्यात कॉफी केव्हा आली याविषयी एकवाक्यता नाही. बहुतेक ठिकाणी १८९८ हे साल आणि ब्रॉडी या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव दिले जाते. मात्र त्याची लागवड गोदावरीच्या बाजूच्या पामुलेरू खोऱ्यातली. अराकू तेथून बरेच ईशान्येला. पुढे कॉफी पुल्लंगी व गुडेम येथे पोहोचली, ती बहुधा १९२० च्या दशकापर्यंत. दुसरा धागा ओडिशातील जेपूर संस्थानचा. तेथील राजबहादूर रामचंद्र देव यांनी १९३० च्या सुमारास कोरापुट भागात कॉफी आणली, असे ओडिशाकडील लेखनात सांगितले जाते. बाबा बुदन यांनी भारतात प्रथम कॉफीच्या सात बिया आणल्याची आख्यायिका कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरांची. ती येथे ओढून आणण्याचे कारण नाही. आजच्या बागांचा विचार करता मात्र हे जुने प्रयोग केवळ पूर्वपीठिका ठरतात. सलग इतिहास सरकारी लागवडीपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वनखात्याने आधी राखीव जंगलात कॉफी लावली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून गिरिजन सहकारी महामंडळाने (स्थापना १९५६) ती आदिवासी कुटुंबांपर्यंत नेली. कुटुंबामागे दोन एकरांच्या आसपास बाग, असे या लागवडीचे स्वरूप होते. हेतू चवीचा नव्हता. ‘पोडू’ म्हणजे फिरती शेती कमी व्हावी आणि उघडे पडलेले उतार पुन्हा झाडांखाली यावेत, एवढाच होता.

सावलीसाठी सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियन वृक्ष लावतात व त्यावर मिरवेल चढवतात. फणस, आंबा ही झाडेही बागेत असतात. सावली विरळ झाली की पांढऱ्या खोडकिड्याचा उपद्रव वाढतो. वाणांपैकी ‘सिलेक्शन ९’ विशेष उल्लेखनीय आहे. इथिओपियातील ‘टाफारिकेला’ आणि ‘हिब्रिडो दे तिमोर’ यांच्या संकरातून तो तयार झाला. तिमोरचा हा वाण स्वतःच अरेबिका व रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींचा निसर्गतः झालेला संकर असून तांबेरा रोगाला तोंड देण्याचा गुण त्याच्याकडून येतो.

तोडणी साधारणतः नोव्हेंबरपासून सुरू होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी व लाल फळे शेजारी शेजारी असतात, म्हणून फांदी ओरबाडून चालत नाही. लाल तेवढी वेचून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. फळे पाण्यात टाकल्यावर पोकळ ती तरंगतात व काढून टाकली जातात. पल्पर या यंत्रातून साल निघाल्यावर बियांवर बुळबुळीत थर राहतो. तो सुटण्यासाठी बिया टाकीत २४ ते ३६ तास आंबवतात. मूठभर बिया चोळल्यावर हाताला खड्यांसारख्या खरखरीत लागल्या की आंबवण थांबवायचे. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची. उशीर झाल्यास आंबूस वास चवीत उतरतो. मग धुऊन ओलावा १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवण. सुमारे सहा किलो फळांमागे एक किलो हिरवी कॉफी (न भाजलेल्या बिया) हाती येते.

चवीच्या चाचणीत शंभरपैकी ८० वा अधिक गुण मिळवणाऱ्या कॉफीला ‘स्पेशालिटी’ म्हणण्याची रूढी आहे. त्या दर्जाची अराकू कॉफी पुढे आली ती २००० नंतर, नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या साह्याने उभ्या राहिलेल्या शेतकरी सहकारी संस्थेमुळे आणि फळे एकत्र आणून केंद्रातच प्रक्रिया करण्याच्या पद्धतीमुळे. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये ‘अराकू’ नावाचे दुकान उघडले. तथापि सगळाच माल या वाटेने जात नाही. गिरिजन महामंडळ हंगामी दर जाहीर करून खरेदी करते, तर अंगणात सालासकट वाळवलेली ‘चेरी’ व्यापाऱ्यांकडेही जाते.