ठिबक नळीतील गाळ

पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे पिकाच्या ओळीने जाणाऱ्या बारीक नळीत, भिंतीलगत मंदावतात, चिकटतात आणि शेवटी ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणारी तोटी) बंद पाडतात. मराठवाड्यात शेततळ्याचे किंवा कालव्याचे गढूळ पाणी मोसंबीला, उसाला देताना हा त्रास नेहमीचा.

120 मेशच्या (इंचाला 120 छिद्रे असलेल्या जाळीच्या) फिल्टरची छिद्रे सुमारे 130 मायक्रॉनची असतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काळ्या जमिनीतली चिकणमाती 2 मायक्रॉनहून बारीक, त्यामुळे ती आरपार जाते. 1 मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यातही दिवसभरात जेमतेम 8 सेंमी खाली बसतो. म्हणून आणखी बारीक जाळी लावणे हा उपाय नव्हे; जाळीच लवकर तुंबते.

भिंतीला टेकलेले पाणी हलत नाही. भिंतीकडे सरकणाऱ्या कणाला मधले पाणी बाजूला सारावे लागते. फट कणाच्या त्रिज्येएवढी उरली की विरोध दुपटीहून थोडा जास्त होतो; त्रिज्येच्या दहाव्या भागाएवढी उरली की दहापटीहून अधिक. भिंतीपासून परतताना विरोध तेवढाच. भिंतीला समांतर सरकणे त्या मानाने सोपे. चिकणमातीचे कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ठेवतात, पण जड (क्षारयुक्त) पाण्यातले कॅल्शियम हे अंतर मोडते. मग कणांचे पुंजके होतात आणि ते लवकर बसतात. गढूळ पाण्यात बोअरचे जड पाणी मिसळायचे तर ते शेततळ्यातच मिसळावे, म्हणजे गाळ तिथेच बसेल.

खरी अडचण नळीच्या शेपटाला. 16 मिमी लॅटरल आतून सुमारे 14 मिमी असते. तिच्यावर ताशी 4 लिटरचे 100 ड्रिपर असतील, तर सुरुवातीला पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.7 मीटर आणि शेवटच्या ड्रिपरपाशी फक्त 7 मिलिमीटर. तिथे खळबळ नाही, त्यामुळे बसलेला कण उचलला जात नाही.

म्हणून फ्लशिंग, म्हणजे टोक उघडून नळी जोराच्या पाण्याने धुणे. एंड कॅप (टोकाचे बूच) काढल्यावर टोकाशी सेकंदाला किमान 0.3 मीटर वेग हवा: लिटरची बाटली साधारण 22 सेकंदांत भरली पाहिजे. वेळ जास्त लागला तर एका वेळी कमी लॅटरल उघडाव्यात. सगळ्या एकदम उघडल्या की दाब पडतो आणि नुसते पाणी वाहते, गाळ जागीच राहतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावे.

आम्लाने चुन्याचे क्षार विरघळतात, चिकणमाती नाही. शेवाळाच्या बुळबुळीत थरात माती अडकली असेल तर आधी क्लोरीन द्यावे, मग फ्लश करावे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर (क्लोरीनची) एकत्र कधीही सोडू नये; विषारी क्लोरीन वायू सुटतो.