वाय-फायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर नको

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणाऱ्या ईमेलचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि ते भलत्यांनीच वापरले होते.

आता बिनपासवर्डचे वाय-फाय घरांत क्वचितच आढळते. पण जोडणी द्यायला आलेला माणूस पासवर्ड म्हणून अनेकदा ग्राहकाचा मोबाइल नंबरच टाकून जातो, आणि आपणही तो वर्षानुवर्षे बदलत नाही. मला हे फार धोक्याचे वाटते.

फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. डब्ल्यूपीए2 या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत पासवर्ड हवेतून जात नाही, मात्र त्यावरून गणिताने काढलेला पडताळा जातो. जिन्यात बसून कुणी हे संदेश टिपले, तर पुढचे काम त्याला स्वतःच्या घरी निवांत करता येते. संगणक एकेक पासवर्ड घालून पडताळा जुळतो का, ते बघत राहतो. आपल्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. हे काम रेंगाळावे म्हणून प्रत्येक अंदाजामागे तेच गणित मुद्दाम 4096 वेळा करावे लागते. तरीही आजचे तगडे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 10 लाखांहून जास्त अंदाज तपासते. आपले मोबाइल नंबर 6 ते 9 यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्यता जेमतेम 400 कोटी. तासाभराचा खेळ!

याउलट 2000 शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द उचलले आणि रोमन लिपीत सलग लिहिले, तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला हजार वर्षे लागतील. शब्द मनाने निवडू नयेत. माणसाची निवड ओळखू येते.

2018 साली आलेल्या डब्ल्यूपीए3मध्ये घरी बसून अंदाज बांधण्याची सोयच राहिलेली नाही, प्रत्येक प्रयत्नाला राउटरशी नव्याने बोलावे लागते. राउटरमध्ये तो पर्याय असेल तर जरूर निवडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने फोन जोडण्याची सोय, मात्र बंद करा. त्याचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत तो हमखास सापडतो. हे 2011 सालीच उघड झाले आहे. नेटवर्कचे नाव लपवण्यात वेळ घालवू नका, जोडलेले फोन ते नाव हवेत उच्चारतच असतात. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवा, आणि राउटरच्या सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्डही त्याच बैठकीत बदला.