पार्ट्सची पिशवी फेकण्याआधी

आयसी (काळ्या प्लास्टिकमधली चिप), सेन्सर वगैरे मागवले की ते कधी गुलाबी पिशवीत येतात, कधी चंदेरी, कधी पाय काळ्या फोममध्ये खुपसून, आणि बहुतेक जण बॉक्स फोडला की हे सगळं कचऱ्यात टाकून पार्ट्स साध्या प्लास्टिकच्या डबीत भरतात. तिथंच घोळ होतो.

पहिला शत्रू स्थिर वीज, म्हणजे घासण्याने साठणारा चार्ज. दाराच्या कडीला हात लावल्यावर तिचा जो चटका बसतो ना, तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढेच आपल्याला जाणवतो, पण काही नाजूक पार्ट 100 व्होल्टच्या आतच जातात, म्हणजे तुम्हाला पत्ताही नसतो आणि आत काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा (वीज अडवणारा) थर फुटलेला असतो. बरं, मेला तर मेला, निदान कळतं तरी. कधी कधी तो अर्धमेला होऊन टेस्टिंगला पास होतो आणि नंतर भलत्याच वेळी दगा देतो, मग बसा शोधत.

गुलाबी पिशवी घासली तरी स्वतः फारसा चार्ज तयार करत नाही, एवढंच तिचं काम, बाहेरून ठिणगी पडली तर ती अडवत नाही. चंदेरीत धातूचा पातळ थर असतो, तो चार्ज बाहेरच्या बाहेर फिरवतो, पण पिशवीचं तोंड बंद असेल तरच! पार्ट पिशवीवर काढून ठेवणारे पण बरेच दिसतात, त्याचा उपयोग शून्य. काळा फोम करंट वाहून नेतो, त्यामुळे सेल लावलेला बोर्ड त्यात ठेवला की सेल उतरतो.

दुसरा शत्रू दमटपणा. आयसीचं काळं प्लास्टिक हवेतलं पाणी हळूहळू शोषतं, आणि रीफ्लो ओव्हनमध्ये (अख्खा बोर्ड तापवून सोल्डर करायची भट्टी) 240-260 अंशाला त्याची एकदम वाफ होऊन पॅकेज आतून तडकतं. म्हणून असे आयसी सिलिका जेलसोबत सीलबंद येतात, लेव्हल 3 चा (ओल किती सोसतो याची श्रेणी) पार्ट असेल तर सील फोडल्यावर 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेपर्यंत 168 तासांत सोल्डर करायचा. आतल्या कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झाले की समजा ओल शिरली. मग 125 अंशाला बेक करतात, पण पार्ट्सची पट्टी गुंडाळलेली रीळ तशीच आत ठेवू नका, तिचं प्लास्टिक साधारणपणे एवढं सोसत नाही, रिळीसकट सुकवायचं तर 40 अंशाला कोरड्या हवेत कित्येक दिवस लागतात. साध्या रेझिस्टरला यातलं काहीच नको.

पाठवताना सुटा पार्ट थर्माकोलमध्ये खुपसायचा नाही, थर्माकोल भरपूर चार्ज धरतो. आणि पिशव्यांना रबरबँड लावत असाल तर चांदीचा मुलामा असलेले पार्ट त्यापासून लांब ठेवा, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि मग सोल्डर नीट धरत नाही.