रेआल्पची दातेरी वाट

घाटात गाडी अडली की ‘इंजिनात दम नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. रेल्वेच्या बाबतीत बऱ्याचदा दम भरपूर असतो, कमी पडते ती पकड. पोलादी रुळावर पोलादी चाक ठेवलं की घर्षण थोडंच मिळतं. त्यापुढे जोर वाढवला तर चाक जागच्या जागी गरगरतं.

स्वित्झर्लंडमधलं रेआल्प हे १५३८ मीटर उंचीवरचं चिमुकलं गाव. तिथून वाफेची गाडी फुर्का खिंडीतल्या बोगद्यापर्यंत सहाशेहून जास्त मीटर चढते. चढ काही ठिकाणी शंभर मीटरला अकरा मीटर, माथेरानच्या गाडीच्या दुपटीहून अधिक! म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या या रचनेत दोन पट्ट्या अगदी शेजारी असतात आणि एकीचा दात दुसरीच्या खाचेसमोर येतो. त्यामुळे इंजिनाच्या दातेरी चाकाची पकड क्षणभरही सुटत नाही.

खरी कमाल इंजिनाच्या पोटात आहे. तिथं सिलिंडर चार. बॉयलरची ताजी वाफ पहिल्या दोघांत शिरते आणि साधी चाकं फिरवते. सपाटीवर तिचं काम तिथंच संपतं, ती धुराड्यातून बाहेर पडते. चढ लागला की ड्रायव्हर तीच वापरलेली वाफ उरलेल्या दोन सिलिंडरांकडे वळवतो. तिचा दाब उतरलेला, पण ती फुगलेली. म्हणून हे सिलिंडर मोठे. ते फक्त दातेरी चाकं फिरवतात. आता समजा, साधी चाकं घसरून भरभर फिरू लागली. मग त्यांच्याकडून जास्त वाफ पुढे ढकलली जाते, दोन जोड्यांमधला दाब चढतो, दातेरी चाकांना जोर मिळतो आणि तोच दाब पहिल्या दोन सिलिंडरांच्या दट्ट्यांना (पिस्टनना) उलट्या दिशेनं रेटतो. घसरण आपोआप आवरते, तीही एकाही इलेक्ट्रॉनिक सेन्सरशिवाय! उटीच्या गाडीची ‘एक्स’ श्रेणीची वाफेची इंजिनं याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांतली जुनी इंजिनंही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या, रेआल्पची इंजिनं घडवणाऱ्या त्याच कारखान्यातली.

अशा गाड्यांना हल्ली सर्रास ‘पर्यावरणपूरक’ म्हटलं जातं, ते चूक आहे. रेआल्पची ही इंजिनं कोळसा जाळतात आणि त्यातली बहुतेक उष्णता वाया जाते. जपायचं ते त्यांच्यातलं कसब.

१९८२ मध्ये डोंगराच्या पायथ्यातून लांब बोगदा झाला आणि वरचा मार्ग ओस पडला. स्वयंसेवकांनी तो पुन्हा उभा केला. व्हिएतनामला विकलेली जुनी इंजिनं १९९० मध्ये परत आणली, आणि १९९२ मध्ये रेआल्पहून गाडी सुटली. वाटेत श्टेफेनबाखचा पूल लागतो. तिथं हिमकडे कोसळतात, म्हणून दर हिवाळ्याआधी तो अख्खा पूल घडी घालून बाजूला घेतात. उन्हाळा येईपर्यंत दोन्हीकडचे रूळ दरीच्या काठाशी तुटलेले असतात.