द्विध्रुवी विकार आणि नैराश्य : जैविक भेदचिन्हे व सीमाभाग

उदासीची पाळी आलेल्या माणसाला निव्वळ नैराश्य आहे की उदासी आणि उन्माद (बेसुमार उत्साहाची पाळी) अशी दोन्ही टोके असलेला बायपोलर म्हणजे द्विध्रुवी विकार, हे उन्मादाची वाट न पाहता ओळखण्यासाठी रक्तात, जनुकांत, मेंदूच्या प्रतिमेत वा झोपेच्या लयीत ज्या मोजता येण्याजोग्या खुणा शोधल्या जातात, त्यांना जैविक भेदचिन्हे किंवा बायोमार्कर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे : इथल्या रुग्णाचा पूर्वेतिहास अनेकदा दोन राज्यांतल्या दवाखान्यांत विभागलेला असतो.

द्विध्रुवी विकाराची सुरुवात बहुधा नैराश्याने होते. पूर्ण उन्माद येणाऱ्या पहिल्या प्रकारातही रुग्णाचा उदासीत जाणारा काळ उन्मादाच्या सुमारे तिप्पट असतो, दुसऱ्या प्रकारात तर सौम्य उन्माद येतो आणि तो अवघ्या चार दिवसांचाही असू शकतो, आणि घरच्यांना ‘गडी जरा रंगात आलाय’ एवढेच वाटते. डॉक्टरांकडे मात्र माणूस येतो तो मन लागत नाही, झोप नाही, जगावेसे वाटत नाही म्हणून. त्यामुळे योग्य निदानाला सरासरी ५ ते १० वर्षे लागतात. हा उशीर महागात पडतो. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्या दिल्या, तर काही रुग्णांत उन्माद भडकतो. १९४९ साली जॉन केड यांनी ज्याचा उपयोग दाखवला ते लिथियम आत्महत्येचा धोकाही कमी करते, पण निदानच चुकले असेल तर ते लिहून दिले जात नाही.

सध्या सर्वाधिक आशा रक्तातल्या चयापचयी द्रव्यांवर, म्हणजे शरीरातील रासायनिक घडामोडींत तयार होणाऱ्या द्रव्यांवर, आहे. केंब्रिज विद्यापीठातील साबीन बान आणि याकुब तोमासिक यांच्या गटाने २०२३ मध्ये ब्रिटनमधील २४१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना आधी नैराश्याचे निदान मिळालेले होते. मुलाखतीनंतर त्यांतले ६७ जण द्विध्रुवी ठरले. चाचणी अगदी साधी. बोट टोचायचे, रक्ताचे थेंब जाड कागदी कार्डावर टिपायचे, वाळवायचे आणि टपालाने पाठवायचे. प्रयोगशाळेत वस्तुमान वर्णपटमापकाने, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखणाऱ्या यंत्राने, शेकडो द्रव्ये तपासली जातात. त्यांतून १७ द्रव्यांचा संच निवडला गेला. सिरॅमाइड या गटातील एक मेदद्रव्य त्यात ठळक होते. या द्रव्यांच्या प्रमाणातले चढउतार मुख्यतः आयुष्यात कधीतरी आलेल्या उन्मादाच्या लक्षणांशी जुळत होते, आणि ही महत्त्वाची गोष्ट आहे.

अचूकता मात्र बेताची होती : १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज या मापावर सुमारे ०.७१. प्रश्नावलीची जोड दिल्यावर ती वाढली. शिवाय त्या अभ्यासात चारातला एकाहून अधिक रुग्ण द्विध्रुवी निघाला. भारतातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यभरातले प्रमाण नैराश्याचे सुमारे ५ टक्के, तर द्विध्रुवी विकाराचे ०.५ टक्के आढळले. खानापूरच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक उदास माणसाला हीच चाचणी लावली, तर खोट्या होकारांची, म्हणजे आजार नसताना तो आहे असे दाखवणाऱ्या निकालांची, संख्या खूप वाढेल. आहार, वजन, मधुमेह यांचाही रक्तातल्या मेदांवर परिणाम होतो, म्हणून इथल्या लोकांवर पडताळल्याशिवाय ती वापरू नये. तरीही थंड पेटी न लागणारे कार्ड ही दुर्गम वाडीवस्तीला साजेशी गोष्ट आहे, हे मान्य करावेच लागेल.

इतर चिन्हे मागे आहेत. बीडीएनएफ हे मेंदूतील प्रथिन दोन्ही आजारांत कमी होते, त्यामुळे भेद होत नाही. दाह दाखवणाऱ्या सीआरपीचेही तसेच. जुळ्यांच्या अभ्यासांतून द्विध्रुवी विकारात आनुवंशिकतेचा वाटा ६० ते ८५ टक्के निघतो, पण एकेका जनुकाचा प्रभाव इतका अल्प आहे की जनुकचाचणीवरून निदान होत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एकाच घरातील अनेक आजारी व्यक्तींचा अभ्यास चालतो, तो याच दिशेचा.

तोवर सर्वांत भरवशाची खूण इतिहास हीच. पंचविशीच्या आत पहिली उदासी, बाळंतपणानंतरचा आजार, घरात कुणाला उन्माद, पुन्हापुन्हा येणाऱ्या पाळ्या, उदासीत भास होणे, यांवरून संशय घ्यावा. आशाताईने रुग्णाच्या आईला विचारावे : ‘काकू, मधे कधी ह्यो चार-आठ दिवस झोपेबिगर हिंडला, तरी दमला नाही, लई बोलत सुटला, सोसायटीचं कर्ज काढून नको ते घेऊन बसला, असं झालंय का?’ हा प्रश्न एकट्या रुग्णाला विचारून भागत नाही. उदासीत त्याला तो काळ आठवत नाही किंवा आजार वाटत नाही.

सीमाभागात अडचण इथेच येते. निपाणी-चिकोडीकडचा माणूस कोल्हापूर-मिरजेला दाखवतो, खानापूरकडचा बेळगावला आणि पुढे धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत. कामाला गेलेल्या पोराचा उन्माद पुण्यात किंवा गोव्यात उसळतो, उदासी गावी येते. काही घरांत उन्मादाला ‘बाहेरचं’ समजून देवऋष्याकडे नेतात, आणि त्याची कुठेच नोंद होत नाही. एका डॉक्टरला दोन्ही टोके कधी दिसतच नाहीत. जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डे एका पिशवीत राखून प्रत्येक भेटीला नेणे हा आज कोणत्याही रक्तचाचणीपेक्षा उपयोगी उपाय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते, भाषाही निवडता येते.