पार्श्वभूमी : ऑटिझम, नजर आणि बाळाचं बोट

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत दोन-अडीच वर्षांचं मूल घेऊन येणारे आईवडील दोन तक्रारी हमखास सांगतात : हाक मारली तर वळत नाही, आणि नजरेला नजर देत नाही. पहिल्या तक्रारीपायी आधी कानाची तपासणी होते. दुसरी थेट थेरपीच्या टेबलापर्यंत पोचते आणि तिथे 'माझ्याकडे बघ' असा रोजचा धडा होऊन बसते. मूल बोट दाखवतं का, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या अभ्यासाचा मोठा भाग नेमका त्या बोटाभोवती फिरलेला आहे.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या एका मनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांमधली ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणं नोंदवली. पुढची बरीच वर्षं आईच्या कोरडेपणाला दोष देण्यात वाया गेली. लक्ष आणि नजरेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९७५ च्या सुमारास, आणि तोही ऑटिझमच्या नव्हे, साध्या तान्ह्या बाळांच्या अभ्यासातून. मोठं माणूस जिकडे वळून बघतं तिकडे वर्षाच्या आतलं बाळही बघायला लागतं, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं. इटलीतल्या गटाने बोट दाखवण्याचे दोन प्रकार केले : 'दे' म्हणणारं बोट आणि 'बघ' म्हणणारं बोट. फडताळातल्या बिस्किटांकडे केलेलं बोट पहिलं. संक्रांतीला कटलेला पतंग शेजारच्या गच्चीवर उतरताना दिसतो, मूल तिकडे बोट करतं आणि लगेच वळून आपल्या तोंडाकडे बघतं, ते दुसरं. त्यात त्याला काही मिळवायचं नसतं, फक्त दोघांनी मिळून बघायचं असतं.

१९८० च्या दशकात हीच विभागणी ऑटिझमला लावून पाहिली गेली, तेव्हा 'दे' बरंचसं शाबूत आणि 'बघ' तुटपुंजं असं चित्र दिसलं. १९९४ च्या एका अभ्यासात पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ फिती तपासल्या. पुढे ऑटिझमचं निदान झालेली ११ मुलं आणि इतर ११. फरक दिसला तो तोंडाकडे बघण्यात, हाकेला वळण्यात, वस्तू दाखवण्यात आणि बोट करण्यात. नागपूरकराला फिती लागत नाहीत, तान्हा पोळा पुरतो. लाकडी नंदी घेऊन एक पोरगं आल्यागेल्याला 'माझा बघा' करत फिरतं. दुसरं नंदी उलटा करून त्याची चाकं फिरवत बसतं, आणि आजी म्हणते, 'किती शांत आहे पोट्टं!' एवढ्यावरून निदान होत नाही, हे सांगायला नकोच. पण अशा दिवशी मूल कुणाला काही दाखवायला येतं का, एवढं पाहून ठेवायला हरकत नाही.

आता आपल्याकडचं. १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्र हवं तर 'मतिमंद' या शिक्क्यावर भागवावं लागे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात नाव आलं, आणि २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत ते पक्कं झालं. त्याच वर्षी प्रमाणपत्रासाठी भारतीय मापनश्रेणी अधिसूचित झाली, आणि माझ्या मते खरी गुंतागुंत तिथे आहे. श्रेणीत ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली ऑटिझम नाही. मुद्दे सहा गटांत वाटलेले. नजर न देणं हा पहिलाच मुद्दा, सामाजिक गटातला. हावभाव-खुणा भाषेच्या गटात. आणि लक्ष? ते शेवटच्या, आकलनाच्या गटात, अफाट स्मरणशक्ती वगैरेंच्या शेजारी. म्हणजे ज्या एका कृतीत नजर, खूण आणि लक्ष एकत्र येतात, तिचे तीन तुकडे करून तीन खान्यांत टाकले गेले.

याउलट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २० प्रश्नांच्या यादीतला पहिला प्रश्न असा : तुम्ही खोलीतल्या दूरच्या वस्तूकडे बोट केलं, तर मूल तिकडे बघतं का? एक साधन चाळणीचं, दुसरं प्रमाणपत्राचं. कामं वेगळी, हे कबूल. पण थेरपीची उद्दिष्टं कागदावरून ठरायला लागली की पहिल्या ओळीला वजन येतं, आणि ती ओळ नजरेची आहे. नजर बिनमहत्त्वाची असंही नाही. पुढे निदान झालेल्या बाळांचं डोळ्यांकडे बघणं दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यानच कमी होत जातं, असं २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. मात्र ऑटिझम असलेली कितीतरी प्रौढ माणसं सांगतात, की डोळ्यांत बघायला लावलं की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. सक्तीने वर उचललेली हनुवटी आणि आपणहून दाखवलेला पतंग यांना एकाच प्रगतीपत्रकात बसवणं मला पटत नाही.

कोविडनंतर सगळी चर्चा मोबाइलकडे वळली. 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीनमुळे होतो असं म्हटला जाणारा ऑटिझम, हा शब्द पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्रास फिरतो. निदानाच्या कुठल्याही अधिकृत नियमावलीत तो नाही. मोबाइल बंद करण्यात तोटा नाही, पण तेवढ्या भरवशावर सहा महिने काढले तर तपासणी तेवढीच लांबते. 'याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता' हे घरचं उत्तर तर त्याहून जुनं.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या सरकारी बालआरोग्य तपासणीच्या यादीत ऑटिझम होता, पण 'वर्तनदोष' या नावाखाली. या योजनेची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. तिथे रोज बसतात ती तीन वर्षांपुढची मुलं. दीड वर्षाचं बाळ तिथे येतं ते वजनाच्या किंवा पोषण आहाराच्या पाकिटांच्या दिवशी, आईच्या कडेवर. पथक नेमकं त्या दिवशी आलं नाही, तर ते बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत बोटाचा प्रश्न त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.